मापात पाप

आमच्या घरात एक कासव आहे आणि एक आज्जी आहे. दोघंही दिवसभर खायला मागतात, आणि दोघांनाही मागतील तेवढं द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. हे वाक्य लिहितानाच मला थोडी लाज वाटली. आज्जीला कासवाच्या शेजारी नेऊन बसवल्यासारखं वाटतं. पण माझ्या डोक्यात हा प्रश्न या दोघांमुळे एकत्रच आला, म्हणून तो तसाच मांडते. दुसऱ्याच्या पोटाचं माप आपण ठरवायचं असतं का? ठरवायचंच असेल, तर कुठल्या अधिकारानं?

कासव २०१९ साली आलं. आम्ही सिडकोत घर घेतलं, तेव्हा एका काकांनी वास्तुशांतीला काचेच्या चौकोनी भांड्यातून आणून दिलं. घरात कासव असलं की पैसा टिकतो म्हणे. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा. दुकानदारानं काकांना सांगितलं होतं की ते एवढंच राहतं, वाढत नाही, दोन दाणे सकाळी आणि दोन संध्याकाळी टाकायचे. आज्जीनं त्याचं नाव दगडू ठेवलं.

दगडू आज माझ्या वीतभर झालाय.

नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की हा मूळचा अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला प्राणी. लाल कानाचं कासव. चांगला सांभाळला तर तीस-चाळीस वर्षं जगतो. त्याच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंनी लहान मुलं आजारी पडायला लागली, म्हणून अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली. युरोपीय संघानं १९९७ साली त्यांची आयात थांबवली. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्याकडे मात्र तो भरभराटीचं चिन्ह म्हणून भेट दिला जातो. आपलं स्वतःचं चांदणी पाठीचं कासव किंवा तळ्यातलं देशी कासव घरी ठेवणं गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना जपतो. हा कायदा १९७२ सालचा. ते साल लक्षात ठेवा, आमच्या घरात ते पुन्हा येणार आहे.

दगडूची एक सवय आहे. टबाजवळ कुणाची सावली पडली की तो चारही पाय मारत काठाशी येतो, मान लांब करतो आणि तोंड उघडतो. एकदा केलेलं हे नाटक तो दिवसातून वीस वेळा करतो. आई दळणाला निघाली, दोन दाणे टाकले. बाबा ऑफिसमधून आले, दोन दाणे. मी फोनवर बोलत फेऱ्या मारतेय, दोन दाणे. आज्जी तर टबाजवळ खुर्ची टाकूनच बसायची. मी टोकलं की म्हणायची, "ते मागायलंय ना बाप्पा, दे की. मुक्या जिवाला नाही म्हणू नये."

प्रत्येकाचे दोनच दाणे होते. प्रत्येकाला आपण मापात आहोत असं वाटत होतं. बेरीज कुणीच केली नव्हती.

वर्षा-दीड वर्षात पाणी दुसऱ्याच दिवशी वास मारायला लागलं. इथं नळाला पाणी येतं ते दिवसांच्या अंतरानं. धरण भरलेलं असलं तरी घरातला प्रत्येक पिंप मोजून वापरावा लागतो, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. त्यात कासवाचा टब बदलायचा म्हणजे रोजचं भांडण. मग दगडूच्या मागच्या पायांजवळ फुगवटे दिसायला लागले. मला वाटलं, बाळसं धरलंय. मी त्याचा व्हिडिओही स्टेटसला टाकला होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला उचललं, उलटं केलं आणि एका बोटानं त्याच्या पायाला हलकेच स्पर्श केला. दगडूनं पाय आत ओढला. पण तो पूर्ण आत गेला नाही. थोडा बाहेरच राहिला.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "कवच तर वाढत नाही चरबीबरोबर. आत जागाच उरली नाही. आता हा स्वतःला मिटून घेऊ शकत नाही."

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचं वर्णन येतं. कासव जसं आपले अवयव आत घेतं, तशी ज्यानं इंद्रियं विषयांपासून आवरून घेतली, त्याची बुद्धी स्थिर, असा तो दाखला. वेरूळच्या घृष्णेश्वराला गेलात किंवा कुठल्याही जुन्या शंकराच्या देवळात गेलात, तर गाभाऱ्याआधी जमिनीवर दगडाचं कासव दिसतं, ते याचीच आठवण म्हणून असं सांगतात. आमचं कासव आमच्या लाडानं एवढं फुगलं होतं की त्याला कासवपणच जमेना.

डॉक्टरांनी सांगितलेलं माप सोपं होतं. कासवाच्या डोक्याएवढं खाणं, एक दिवसाआड किंवा दोन दिवसांआड. त्यातही दाणे कमी, पाला जास्त. हिवाळ्यात त्याहून कमी. मी म्हटलं, एवढ्यात याचं भागतं? ते हसले. आपण जे खातो त्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात जळतो. कासव उन्हात बसून गरम होतं, त्यासाठी त्याला अन्न जाळावं लागत नाही. त्यामुळे त्याच्याच वजनाच्या मांजरीपेक्षा त्याला फारच कमी लागतं. आणि मागण्याचं म्हणाल, तर ओढ्यात राहणाऱ्या जिवाला पुढचं खाणं कधी मिळेल ते माहीत नसतं. समोर आलं की खायचं, हीच त्याची रीत. तिकडे त्याचं माप ओढा ठेवतो. शोधावं लागतं, पोहावं लागतं, कधी मिळत नाही. टबात ओढा नाही. म्हणून ते माप कुणीतरी ठेवायला हवं.

त्या रात्री मी मापाबद्दल वाचत बसले. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल यानं नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात नेमकं अन्नाचंच उदाहरण घेतलंय. समजा दहा मापं अन्न फार होतं आणि दोन मापं कमी पडतं. म्हणून तालीम देणारा वस्ताद सगळ्यांना सहा मापं लावेल का? नाही. मिलो नावाच्या नामांकित मल्लाला सहा कमी पडतील आणि नव्यानं आखाड्यात आलेल्या पोराला सहा जास्त होतील. योग्य माप ही दोन टोकांच्या मधली रेघ नसते. ते समोर कोण आहे त्यावर ठरतं. आपल्याकडे 'अति तिथं माती' म्हणतात, पण अति म्हणजे किती, ते म्हण सांगत नाही. ते सांगायला त्या एका जिवाकडे नीट बघावं लागतं.

मिलो हे नाव वाचून मी आज्जीला हाक मारली. कारण आमच्या घरात मिलो म्हणजे मल्ल नव्हे. मिलो म्हणजे १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी.

आज्जी तेव्हा तिशीच्या आत होती, बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची. तिनं मला हे शंभरदा सांगितलंय. सुकडीतली अर्धी ती पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. मिलोची भाकरी तांबडी व्हायची, तोंडात फिरायची, गिळवायची नाही, पण पोटाला आधार होता. घरात एक पितळी मापटं होतं. त्यानं ती धान्य मोजून काढायची आणि मोजलेलं पुन्हा दोन बोटांनी कमी करायची, उद्यासाठी. ते मापटं अजून आहे आमच्याकडे. आज्जी त्यात फुलवाती ठेवायची.

आज्जी आता ८१ वर्षांची आहे. साखर जुनीच, पण तीनेक वर्षांपूर्वी विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग दिवस, मग नावं. आणि मग जेवण. ती जेवते, हात धुते, खुर्चीत बसते, आणि पंधरा मिनिटांनी विचारते, "आज जेवायला वाढणार की नाही कुणी?" ती खोटं बोलत नाही. जेवल्याची आठवण तिच्याजवळ टिकतच नाही. भूक मात्र, खरी असो की आठवणीतली, टिकलीय. १९७२ ची भूक तिला नीट आठवते. आज दुपारचं वरण-भात आठवत नाही.

डॉक्टरांनी तिचंही माप ठरवून दिलं. किती भाकरी, किती भात, कुठल्या वेळी इन्सुलिन, दोन जेवणांत किती अंतर. आईनं ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं आणि छोटा वजनकाटा आणला. त्या काट्यावर आज्जीचा भात आणि दगडूचा पाला, दोन्ही मोजले जायला लागले. आईनं वाट्या मात्र वेगळ्या ठेवल्या. एकदा माझ्याकडून चुकून अदलाबदल झाली तर ती एवढी चिडली की मला कळलंच नाही का. आता कळतं. तिलाही ती लाज वाटत होती, जी मला पहिलं वाक्य लिहिताना वाटली.

आज्जी शेजारच्या काकूंना सांगायची, "सून मोजून घालती बाई. उपाशी ठेवलं मला." काकूंना आजार माहीत होता, तरी त्यांच्या नजरेत एक क्षण काहीतरी हलायचं. गावाकडचे पाहुणे यायचे तेव्हा ते हलणं जरा जास्त वेळ टिकायचं. आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात ते दुकानदाराला. तराजूत दांडी मारणाऱ्याला. पण घरातल्या बाईनं सासूचा भात काट्यावर ठेवला, तर त्या काट्यालाच पाप चिकटतं. माप खरं असूनही.

आणि मी काय करत होते? मी आज्जीची लाडकी होते. संध्याकाळी मी घरी आले की ती माझा हात धरायची. "माय, तू तरी दे गं काही. पोटात काही नाही." मी आई आत आहे ना बघायचे आणि पेढा द्यायचे. कधी लाडू. ती माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची. दुसऱ्या दिवशी तिच्या पेढा लक्षात नसायचा, पण मी लक्षात असायची. चांगली असलेली नात. मला ते आवडायचं, हे मी इथं कबूल करते.

एका पहाटे तिची साखर एवढी चढली की तिला दवाखान्यात न्यावं लागलं. चार दिवस. आई रात्रभर तिथं बाकावर बसली आणि हिशोब करत राहिली, आपलं कुठं चुकलं, काटा बिघडला का, भात जास्त गेला का. तिसऱ्या दिवशी मी तिला पेढ्यांचं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "तू देतेस तेव्हा ती हसते ना?" मी हो म्हटलं. "माझ्याकडं बघून ती दोन वर्षांत हसली नाही."

दगडूचे दोन-दोन दाणे मला तेव्हा आठवले. आम्ही सगळे येता-जाता दाणे टाकायचो, कारण त्याचं आनंदानं पाय मारणं बघायला आम्हाला बरं वाटायचं. टब धुणारा, डॉक्टरकडे नेणारा, पुढं पाला मोजणारा माणूस वेगळाच. उदार होणं सोपं असतं, जेव्हा त्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. मी पेढा देत होते आणि त्याची किंमत दोघी मोजत होत्या, एक शरीरानं, दुसरी बदनामीनं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. दवाखान्यातच एका नातेवाइकांनी तो घेतला. "८१ वर्षांच्या बाईला काय पथ्य सांगता? जन्मभर अर्धपोटी काढले तिनं. आता खाऊ द्या, सुखानं जाऊ द्या." खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. कासवाला मर्जी असते की नाही यावर वाद घालता येईल, पण आज्जी माणूस आहे. शुद्धीत असताना तिनं म्हटलं असतं की दोन वर्षं कमी जगेन पण पुरणपोळी खाईन, तर तो तिचा हक्क होता. माझं वजन, माझं पोट, माझा निर्णय, हे मी स्वतःसाठी ठणकावून सांगते. मग तिच्यासाठी का नाही?

मी बरेच दिवस यावर विचार केला. मला इतकंच कळलं: निर्णय घ्यायला मागचा घास आठवावा लागतो. पुरणपोळी खाऊन तृप्त होणं हे सुख आहे, पण आज्जी तृप्त होतच नव्हती. पेढा गिळला की दहा मिनिटांत ती पुन्हा तेवढीच उपाशी. त्या भुकेला मी कितीही दिलं असतं तरी तिच्या हातात सुख पडत नव्हतं, फक्त साखर पडत होती. दगडूचा ओढा आम्ही काढून घेतला, आज्जीची आठवण आजारानं काढून घेतली. ज्याचं माप ठेवणारं काही उरलं नाही, त्याचं माप कुणीतरी ठेवावं लागतं. फरक आहेच. दगडूच्या बाबतीत आम्ही अपराधी आहोत. त्याला आता सलीम अली सरोवरात सोडून मोकळंही होता येत नाही, तिथल्या देशी जिवांवर तो संकट होईल. म्हणजे तीस-चाळीस वर्षांची ही जबाबदारी एका भेटवस्तूनं आमच्यावर आणली. आज्जीच्या बाबतीत आमचा अपराध नाही, पण हातात माप आलंय. आणि ज्यानं माप हातात घेतलं, त्यानं बोलणीही खायची असतात. ती खायला तयार नसेल त्यानं मापाला हात लावू नये. आई तयार होती. मी नव्हते.

आज्जी एकेकाळी नाथषष्ठीला पैठणला चालत जायची. तिला कीर्तनातल्या गोष्टी पाठ होत्या. त्यातली एक मला लहानपणापासून माहीत आहे: कासवी पिलांना दूध पाजत नाही, घास भरवत नाही, लांबून नुसती बघते आणि तिच्या नजरेनं पिलं वाढतात. संतांनी देवाच्या कृपेसाठी हा दाखला पुन्हा पुन्हा वापरलाय. शास्त्र वेगळं सांगतं. कासवी अंडी मातीत पुरते आणि निघून जाते. पिलांकडे ती बघतही नाही. पिलू पहिल्या दिवसापासून आपल्या जिवावर.

पण मी २०२३ साली मैत्रिणींबरोबर वेळासला गेले होते, रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि गावकऱ्यांनी तिथं सागरी कासवांची अंडी राखायचं काम उभं केलं. कुंपणाच्या आत अंडी जपतात. पिलं निघाली की वाळूवर सोडतात आणि दोरीच्या अलीकडे सगळे उभे राहतात. कुणी पिलाला उचलून पाण्यापर्यंत नेत नाही. कुणी खाऊ घालत नाही. पिलाच्या पोटात अंड्यातला बलक अजून शिल्लक असतो, सुरुवातीचे दिवस त्यावर निघतात. कुत्रे आणि पक्षी येऊ नयेत एवढं बघायचं आणि मग बघत राहायचं. शेवटचं पिलू लाटेत शिरेपर्यंत पन्नास-साठ माणसं गप्प उभी होती. तिथं योग्य माप शून्य होतं. कीर्तनातली कासवी मला तिथं दिसली, फक्त ती माणसांची झाली होती.

घरी मला तेवढंच जमण्यासारखं होतं. बघत राहणं.

आता आज्जीचं तेच मोजलेलं जेवण आम्ही पाच वेळा करतो. भाकरीचा चतकोर, दोन घास भात, काकडीच्या चकत्या. तिनं मागितलं की "जेवलीस की" असं कुणी म्हणत नाही. "आत्ता वाढते, बस," म्हणतो, आणि शेजारी बसतो. बसलं की ती बोलते. कामावरची खडी, पदरातली सुकडी, मापटं. बोलता बोलता कधी कधी ती मागणं विसरते. दगडूलाही आता दाणे टाकत नाही, पाल्याची जुडी टबात दोऱ्यानं बांधतो. तोडायला त्याला अर्धा तास लागतो. त्याचे फुगवटे उतरलेत. परवा मी बोट लावलं तर मागचा पाय जवळजवळ पूर्ण आत गेला.

सगळं सुरळीत झालंय असं मात्र नाही. आज्जी अजूनही काकूंना सांगते की मला उपाशी ठेवलंय. फरक इतकाच की आता ती म्हणते, "सून आणि नात, दोघी मिळून." माझ्याकडे बघून हसणंही कमी झालंय. मी ते सोसते, आणि सोसताना दरवेळी छान वाटतं असंही नाही.

काल पाणी आलं. टब धुऊन दगडूला उन्हात ठेवलं होतं. आज्जी खुर्चीत, मी पायरीवर. त्यानं मान लांब केली, तोंड उघडलं. आज्जी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

"मागायलंय," ती म्हणाली.

"हो."

"दिलंस का त्याला?"

"सकाळी दिलं आज्जी."

तिनं मान हलवली. "मग बस त्याच्याजवळ," ती म्हणाली, आणि जरा वेळानं, "अन् मला?"

मी आत जाऊन तिची वाटी घेऊन आले.